बाहेरच्या लाइनीसाठी शून्य

दादाच्या त्या पत्राचं उत्तर त्याला मिळालंच नाही. पत्र लहानसं होतं. वहिनी गेल्यापासून घर खायला उठतं, असं त्याने लिहिलं होतं आणि खाली विचारलं होतं, 'तुझ्याकडे राहायला येऊ का? अवघड असेल तर संकोच करू नकोस. इथल्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी झाली आहे, त्यांना महिनाअखेर सांगायचं आहे. फॅक्स कर. काही आलं नाही तर मी काय ते समजेन.'

दादाला ऐकू येत नाही. त्याचे कान गेले तेव्हापासून त्याच्या घरचं फॅक्सचं मशीन आणि आमच्या ऑफिसातलं मशीन यांच्यावर आम्हा भावांचं बोलणं चालायचं. 'दाढ कशी आहे?' हेसुद्धा फॅक्सने. हे एकच पत्र त्याने टपालाने पाठवलं. ऑफिसात चारचौघांदेखत कागदावर उमटू नये म्हणून असणार. आम्ही दोघे एकाच माळेचे मणी. दुकानदाराने भलतीच वस्तू बांधून दिली तरी मुकाट्याने घरी आणणारे.

मी पुस्तकांच्या सूच्या करतो. कोणता विषय कोणत्या पानावर आहे, हे पुस्तकाच्या शेवटी छापतात ते काम. निवृत्तीनंतरही प्रकाशनाच्या ऑफिसात मला कोपऱ्यातलं टेबल राहू दिलं आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे शब्द जागच्या जागी लावले, पण स्वतःचे दोन शब्द लिहायचे तर जमत नाही. दादाला लिहिलेलं पहिलं उत्तर तीन पानांचं झालं. ते फाडलं. दुसरं फार कोरडं वाटलं. शेवटी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दादा, ये. मागची खोली तुझी.'

नेमकं त्याच सुमारास ऑफिसातलं जुनं मशीन काढून टाकलं होतं. आता फॅक्सही कॉम्प्युटरवरच्या ईमेलमधूनच जायचा. कागद स्कॅन करायचा, नव्या संदेशाला जोडायचा, वर फॅक्सचा नंबर घालायचा, पाठवायचा. सगळ्यांचे फॅक्स टायपिंगच्या बाई पाठवत. त्या जेवायला जाईपर्यंत मी थांबलो आणि स्वतःच पाठवला. पडद्यावर 'पाठवले' असं आलं. मला कोण आनंद झाला.

त्या आठवड्यात मागची खोली रिकामी केली. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं होती. ती वाचनालयाला देऊन टाकली. ग्रंथपाल म्हणाले, "काका, नीट विचार केलाय ना? परत मागायला याल." मी म्हटलं, "भाऊ येतोय." पलंग आणला. दादाला डोळ्यांवर ऊन सहन होत नाही, म्हणून जाड पडदा लावला.

दादाकडून काही आलं नाही. महिना संपला. मग छापील कार्ड आलं, त्यावर वृद्धाश्रमाचा पत्ता. मी मनाची समजूत घातली की त्याचा विचार बदलला असेल. जेवताना पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या माणसाबरोबर राहायची हौस कुणाला असणार? कारण विचारणं म्हणजे त्याला कोंडीत पकडणं. मी उलट टपाली लिहिलं, 'नवा पत्ता मिळाला. तब्येतीला जप.' त्यालाही उत्तर आलं नाही. सव्वा वर्ष झालं. मागच्या खोलीचं दार मी लोटूनच ठेवतो.

परवा साहेब माझ्या टेबलाशी आले. "सूचीकार, लेखकमहाराज फोनवर तोफा डागताहेत. तुमची पानं पोचलीच नाहीत म्हणे."

"पाठवली की. मी स्वतः पाठवली. बाई रजेवर आहेत ना."

"मग गेली कुठे? पाय फुटले की काय?"

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या ताईंना बोलावलं. त्या खुर्चीत बसल्या, मी पाठवलेला संदेश उघडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काका, नंबराच्या आधी हे जास्तीचं शून्य कशाला?"

"बाहेरच्या लाइनीसाठी. शून्य दाबल्याशिवाय ऑफिसातून बाहेर फोन लागत नाही."

"अहो, ते टेबलावरच्या फोनला! हा इंटरनेटवरून जातो. इथे आत-बाहेर काही नाही. शून्य लावलं की नंबरच चुकीचा." त्या हसल्या. साहेबही हसले. मीही हसलो.

"पण 'पाठवले' असं आलं होतं," मी म्हणालो.

"म्हणजे इथून निघालं. पोचलं असं कुठे म्हणतोय तो? नाही पोचलं तर फॅक्स कंपनीचा निरोप येतो. आले नाहीत का निरोप?"

निरोप आले होते. त्या कंपनीच्या जाहिराती फार येतात म्हणून बाईंनी तिची सगळी पत्रं परस्पर कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय करून ठेवली होती. ताईंनी ते फोल्डर उघडलं. जाहिरातींच्या मधून 'पोचले नाही' असे निरोप वेगळे काढत त्या खाली खाली गेल्या. "हा बघा तुमच्या लेखकांचा. आणि हा एक जुना. यालाही शून्य. हे अक्षर तुमचंच ना?"

पडद्यावर पानभर उमटलं, 'दादा, ये. मागची खोली तुझी.'

साहेबांनी ते वाचलं, मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "आपण जरा चहा घेऊ." ताईंनी माउसवरचा हात उचलून घेतला.

मला दिसत होता तो दादा. त्याच्या मशीनपाशी बसलेला. मशीनची घंटा त्याला ऐकू यायची नाही, म्हणून तो कागदाच्या फटीकडे बघत बसायचा. महिनाअखेरपर्यंत तसाच बसला असेल. आणि त्यानंतर त्याला माझं मिळालं काय, तर 'तब्येतीला जप.'

मी वृद्धाश्रमात फोन लावला. शून्य दाबून. एका परिचारिकेने उचलला.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"धाकटा भाऊ."

"अच्छा, तुम्ही होय! ते सांगायचे. भाऊ आहे, पण भिडस्त आहे, त्याला कळवून त्रास देऊ नका म्हणायचे. म्हणून मागे अर्धांगाचा झटका आला तेव्हा आम्ही कळवलं नाही हो."

"आता कसा आहे?"

"खातात-पितात. उजवा हात गेला. पण काका, अक्षर ओळखत नाहीत आता. पेपर देतो तर नुसता उलटासुलटा करतात."

"मी पत्र पाठवलं तर?"

"वाचता येणार नाही. मी वाचून दाखवलं तरी ऐकू कुठे येतंय? पाठवा तुम्ही. हातात देईन मी."

मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. साहेबांनी सुटी दिली, न मागता. पण त्याने मला विचारलं होतं, आणि विचारलेल्याचं उत्तर आधी जायला हवं. त्याच दुपारी मी टेबलाशी बसून लिहिलं. पहिल्यांदाच मसुदा केला नाही. 'दादा, मी त्याच दिवशी हो म्हटलं होतं. चुकीच्या नंबरावर. खोली अजून तुझीच आहे. पडदा लावलाय.' तिकीट चिकटवलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी थोडा वेळ उभा राहिलो. मागे एक बाई त्यांची पाकिटं घेऊन थांबल्या होत्या. "टाकताय ना, काका?" त्या म्हणाल्या.

"हो, हो," म्हटलं, आणि टाकलं.