शेवंताच्या नाकातलं रक्त

साईनाथने दोन टँकर घेतले तेव्हापासून गाव त्याला शेट म्हणतं. मी म्हणत नाही. त्याचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये नुसतं काटेरी कुंपण आहे, त्यामुळे शेट अंघोळीला किती बादल्या ओततो हेसुद्धा मला ऐकू येतं.

आमच्याकडे वरातीची घोडी आहे, शेवंता. माझा नवरा धाकलू तिला पोरीसारखी वागवतो. धसईपासून मुरबाडपर्यंत कुणाचंही लग्न असो, घोडी आमचीच. मग साईनाथचा पुतण्या प्रज्वल याचं लग्न ठरलं, सापगावची मुलगी, तेव्हा घोडी दुसरीकडून येणार होती थोडीच! आमच्या भागात नवरदेव लग्नाच्या आधीच्या आठवड्यात घोडीवर बसून गावदेवीला नारळ द्यायला जातो. आणि ज्या घोडीवरून देवीला गेला, वरातही तिच्याच पाठीवरून. मध्ये घोडी बदलायची नाही. बदलली तर देवीचा कोप, असं म्हणतात.

तर नारळ द्यायच्या दिवशी शेवंता भर उन्हात साईनाथच्या मांडवासमोर उभी होती. वैशाखातलं ऊन. डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल, समोर ढोल-ताशा. नवरदेवाचं नटणं काही संपेना. धाकलूने बादलीभर पाणी मागितलं. मांडवात पाहुण्यांसाठी थंडगार पाण्याचे जार लागले होते आणि शेजारी दोन टँकर भरून उभे होते. साईनाथ म्हणाला, "जनावराला कशाला टँकरचं पानी? ओढ्यावर ने की."

ओढा म्हणजे काय, तर त्या दिवसांत एक हिरवं डबकं. म्हशी बसतात त्यात. पण शेवंताला तहान लागली होती, ती नाक बुडवून प्यायली. धाकलू घरी येऊन मला हे सांगत होता आणि वर म्हणत होता, "जाऊ दे, लग्नाचं घर हाय." माझं डोकंच फिरलं. लग्नाचं घर म्हणून पाणी देत नाहीत की काय कुठे?

पुढे दोन दिवसांत शेवंताचं नाक बिघडलं. उभ्या उभ्या फुरफुरायची, डोकं झाडायची, खुंटाला नाक घासायची. दाण्याचा तोबरा तोंडाला बांधला की मान वर टाकून मागे सरायची. मग काय, आमच्या अंगणात वैद्यांची रीघ लागली. एक म्हणाला, राब भाजायचे दिवस आहेत, शेतातल्या जळक्या पाल्याचा धूर नाकात गेला. दुसरा म्हणाला, पेंढ्याला बुरशी आली असेल, तिची धूळ. तिसऱ्याला वाटलं, गवताचं कुसळ अडकलं. चौथा देवीपुढे उधळलेल्या गुलालावर आला. यातलं काहीही असू शकत होतं, म्हणून आम्ही पेंढा बदलला, घोडीला राबाच्या वाऱ्यापासून लांब बांधलं, नाकपुड्या ओल्या फडक्याने पुसल्या. माझ्या सासूबाई, बाईजा, यांना मात्र पक्कं ठाऊक होतं की नजर लागली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या, त्या नेमक्या घोडीच्या नाकाखाली. शेवंताने असा काही ठसका दिला की सासूबाईंचा पदर निखाऱ्यात जाता जाता राहिला. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

धाकलू साईनाथकडे गेला. "दादा, घोडीची तब्येत बरी नाय. म्हसा गावच्या पाव्हण्यांची घोडी आणून देतो."

"घोडी बदलता येनार नाय," साईनाथ म्हणाला. "देवीला हीच गेलीय ना? मग हीच येल. जरा फुरफुरते तर काय झालं?"

झालं ते असं. वरात ऐन रंगात आली, फटाक्यांची माळ लागली आणि शेवंताने मान वळवून जोरात शिंक दिली. प्रज्वलच्या पांढऱ्या शेरवानीवर, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत रक्ताचे शिंतोडे उडाले. ढोल थांबले. बायका "अगो बाय!" करून मागे पळाल्या. प्रज्वल तसाच वर बसून राहिला, तोंड पडलेलं. आणि साईनाथ धाकलूच्या अंगावर धावून आला. म्हणाला, आजारी जनावर आणून आमचा सत्यानाश केलास! ज्याने सक्तीने घोडी आणवली तोच हे म्हणतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर एकच बोलणं. शेंबा झालाय. शेंबा हा घोड्याचा वाईट रोग, माणसालाही लागतो, म्हणून सरकार घोडं मारून खोल पुरून टाकतं. आमच्या घरचं ताकसुद्धा कुणी घेईना. साईनाथने स्वतः मुरबाडला फोन करून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, आणि कुंपणापलीकडून मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खड्डा कुठं खनायचा ते बघून ठेवा." धाकलू शेवंताच्या गळ्याला मिठी मारून रडत होता. मला रडू येत नव्हतं. मला त्या माणसाचं तोंड फोडावंसं वाटत होतं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हातमोजे घातले, शेवंताचा ताप पाहिला, जबड्याखाली गाठी चाचपल्या. गाठी नव्हत्या, तापही नव्हता. रक्त एकाच नाकपुडीतून येत होतं. रक्ताचा नमुना त्यांनी घेतला आणि विचारलं, "पाणी कुठलं प्यायली?"

"वढ्यातलं," धाकलू म्हणाला.

"मग आता तिला पाणी दाखवू नका. मी गोठ्यांची कामं उरकून दुपार कलली की येते."

तो दिवस फार वाईट गेला. शेवंता माझ्या हाताकडे बघायची, रिकाम्या बादलीला नाक लावायची. मी तिच्याकडे पाठ करून बसले.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा कुंपणाला अर्धं गाव चिकटलं होतं. साईनाथ पुढे, प्रज्वल त्याच्या मागे. बाईंनी बादलीभर पाणी घोडीच्या तोंडाजवळ धरायला लावलं, पण तोंड बुडू दिलं नाही. आम्ही सगळे त्या नाकपुडीकडे बघत होतो. थोड्या वेळाने आतून काहीतरी काळं, ओलं, बोटभर वळवळत बाहेर आलं, पाण्याच्या रोखाने. बाईंनी चिमट्याने ते धरलं आणि सावकाश ओढून काढलं. रक्त पिऊन टम्म फुगलेली जळू.

"पाण्यातून नाकात शिरते, आणि जनावर तहानलं की पाण्याच्या ओढीने बाहेर डोकावते," बाई म्हणाल्या. "सगळी लक्षणं हिचीच. नमुना पाठवते, पण मला काळजी वाटत नाही. आता पाजा पोटभर."

मी साईनाथकडे पाहिलं. वाटलं, आता तरी मान खाली घालेल. तो म्हणाला, "असंल जळू. पन आमच्या नवऱ्यावर रगत सांडलं ते सांडलंच ना? अशी अवलक्षणी घोडी गावात नको."

आणि धाकलू, माझा नवरा, हात जोडून म्हणाला, "बरं दादा, म्हशाला पाठवतो तिला."

मी दोरी त्याच्या हातातून हिसकली. शेवंताला घेऊन कुंपणाच्या फाटकातून थेट साईनाथच्या अंगणात शिरले आणि टँकरचा कॉक सोडला. पाणी धो धो मातीत पडायला लागलं.

"ए, बंद कर! बंद कर ते!" साईनाथ ओरडला.

"इला वढ्यावर तुमी धाडलीत," मी म्हटलं, "आजारी हाय म्हनून सांगितलं तवा तुमीच उभी केलीत, आन् आता अवलक्षणी ही? गावात कोन नको ते मी सांगू का?"

डॉक्टरीणबाई बॅग आवरत होत्या. मग प्रज्वल, ज्याने आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं, तो मांडवातलं घमेलं घेऊन आला आणि पाण्याच्या धारेखाली धरून बसला. काकाकडे त्याने पाहिलंच नाही. हातावरची मेंदी अजून लाल होती.

शेवंता प्यायली. किती प्यायली! साईनाथ कॉक बंद करायला तरातरा पुढे आला, तेवढ्यात तिने तोंड वर काढलं आणि त्याच्या छातीवर सणसणीत फुरफुरली. सगळे दचकून मागे झाले. साईनाथ आपल्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिला.

"नीट बघा, शेट," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच त्याला शेट म्हटलं. "रगत हाय का?"

नुसतं पाणी होतं.