फिलनबाबाच्या जुवाला शंभूराज

बारामती एमआयडीसीतल्या दूध डेअरीचं संमेलन म्हणजे पिंपळीकरांनी लेझीम खेळायचं आणि बाकीच्या गावांनी टाळ्या वाजवायच्या. सणसरच्या बायकांना त्या स्टेजवर काम एकच. पाहुण्यांना ओवाळायचं आणि खाली उतरायचं. यंदा छबूबाईंनी जाहीर केलं, ओवाळायचं न्हाय, नाचायचं.

छबूबाईंनी साठी ओलांडलेली. गुडघे अजून साथ देत होते, पण कुरकुर सुरू झाली होती. त्यांच्या नवऱ्यानं, रावजी आबांनी, दोन दिवस तोंड पाडून शेवटी अट घातली.

"काय नाचायचं ते यंदा नाचा. न्हाय जमलं तर पुन्यांदा घरात नाव काढायचं न्हाय."

नाच आणला ज्योत्स्नानं. ती डेअरीच्या लॅबमध्ये. त्याआधी शिकायला स्कॉटलंडात होती. तिकडं म्हणे खेड्यापाड्यात बाया-गडी जोडीनं नाचतात. तिला येणाऱ्या नाचाचं नाव 'सेंट फिलन'. चार गडी एका रांगेत, चार बाया समोर, मग हातात हात धरून गोल फेरी.

हातात हात म्हटल्यावर तालीम थांबली. आबा म्हणाले, लग्नात भटजीनं धरायला लावला म्हणून धरला होता, त्यानंतर गरज पडली नाही. शेवटी प्रत्येकानं टॉवेलचं एकेक टोक धरायचं ठरलं, आणि तेसुद्धा आपापल्या बायकोबरोबर. म्हणजे आबांना स्वतःच नाचावं लागणार होतं. अट घालताना हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग फेरीवरून पेच पडला. आधी डावीकडून फिरायचं, मग तसंच उलटं यायचं. नाचणाऱ्यांतले कचरू तात्या जागीच उभे राहिले. स्तूपाला उलटी फेरी घालत नाहीत, म्हणाले. आबा म्हणाले, देवळालाबी न्हाय. पाटाच्या पाण्यावरून ज्यांचं जन्मात जमलं नाही ते दोघं एका मिनिटात एक झाले. मधे देऊळ नाही, स्तूप नाही, नुसता पत्रा-शेडचा खांब आहे, असं ज्योत्स्ना परोपरीनं सांगत राहिली. काही उपयोग झाला नाही. सणसरात सेंट फिलन एकाच दिशेनं फिरायला लागला.

संमेलनाच्या दिवशी डेअरीच्या गेटापासून कामगारांच्या मोटरसायकली ओळीनं लावलेल्या. पिंपळीच्या लेझीमचा कप्तान शंभूराज फेटा बांधून बुलेटवर आला आणि आरशात मिशा बघतबघतच खाली उतरला. स्टँड नीट लागलाय का, हे बघायचं राहिलं. बुलेट शेजारच्या गाडीवर पडली, ती पुढच्या गाडीवर, आणि मुजरा केल्यासारखी सगळी ओळ आडवी झाली. टोकाला आमच्या चार गड्यांतला लखन बुटाची नाडी बांधत वाकलेला. शेवटची गाडी त्याच्या पायावर. पाय दुधीभोपळ्याएवढा झाला.

जोड्या पुऱ्या नसतील तर स्टेज मिळणार नाही, असं संयोजकांनी सांगितलं. शंभूराज मान खाजवत म्हणाला, पुढच्या वर्षी नाचा की.

छबूबाईंना पुढचं वर्ष नव्हतं. त्या दुधाच्या पालथ्या कॅनवर बसल्या. आबा उठले आणि चला घरी म्हणाले. छबूबाई जागच्या हलल्या नाहीत. निघायला जरा उशीर व्हावा म्हणून की काय, त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं,

"पोरी, ज्याच्या नावानं एवढं फिरलो, त्यो फिलन तरी कोण व्हता गं?"

ज्योत्स्नानं सांगितलं. जुन्या काळचा साधू, आयर्लंडातून स्कॉटलंडात आलेला. एकदा त्याच्या नांगराचा बैल लांडग्यानं खाल्ला. साधूनं लांडग्याला बोलावून बैलाच्या जागी जुंपला. अशी तिकडं कथा सांगतात.

निघालेले आबा थांबले.

"ह्यात नवल काय? आपल्या शिवाराची रीतच हाय ती. ज्याच्यापायी बैल लंगडला, त्याचा बैल जुवाला."

नाच मोडला असता तर आबांना हवंच होतं. पण रीत मोडलेली त्यांना चालत नव्हती. ते तडक गेले आणि शंभूराजच्या गळ्यात टॉवेल टाकला.

"चल. लखनच्या जागी तू."

"आबा, माझं लेझीम हाय."

"लेझीम मागनं. आधी पेरणी. तुझ्या बापानं आख्खी सुगी आमाला बैल दिला व्हता, इचार घरी."

शंभूराजनं पिंपळीच्या म्हाताऱ्यांकडं बघितलं. तेही शेतकरीच. सगळ्यांनी माना डोलावल्या.

लखनची बायको वृषाली टॉवेलचं टोक धरून त्याला स्टेजवर घेऊन गेली. शंभूराजला एक पाऊल येत नव्हतं. लेझमाच्या सवयीनं तो मधेच खाली बसायचा आणि मागून येणारे कचरू तात्या त्याच्या फेट्यावरून उडी मारायचे. लोकांना वाटलं, ही स्कॉटलंडची पद्धत. शिट्ट्या सुरू झाल्या. तेवढ्यात मोबाइलवरचं गाणं तुटलं आणि स्पीकरमधून एक बाई पर्सनल लोन पाहिजे का विचारू लागली. छबूबाई थांबल्याच नाहीत. त्यांचं बघून पिंपळीच्याच हलगीवाल्याला राहवेना. त्यानं ठेका धरला, आणि छबूबाईंनी पदर खोचून अशी फेरी घेतली की टॉवेलच्या दुसऱ्या टोकाला आबा फरफटत गेले. कॅन्टीनवाले झारे घेऊन बाहेर आले. एकदा संपलं तर लोकांनी पुन्हा नाचायला लावलं.

त्यानंतर पिंपळीचं लेझीम झालं. पण एकाच दिशेनं फिरून शंभूराज इतका गरगरला होता की पथक उजवीकडं आणि कप्तान डावीकडं, पार पडद्यात. पहिल्या नंबराची ढाल सणसरला मिळाली.

परतताना पिकअपमध्ये पुढच्या सीटवर छबूबाई बसल्या, मांडीवर ढाल. आबा मागं, रिकाम्या कॅनांबरोबर. भवानीनगरच्या पुढं आल्यावर त्यांनी मागच्या जाळीतून तोंड घालून, पुढच्या वर्षीची तालीम कधीपासून धरायची, असं विचारलं.

"बघू," छबूबाई मागं न वळता म्हणाल्या, "तुमची पावलं सुधारली तर घेऊ तुमाला."