आईच्या हातचे शंभर दाणे

आई गेली तेव्हा मी रडले नाही. आमच्या केनवड गावच्या बायांनी ते बरोबर लक्षात ठेवलं. पोरगी दगड आहे म्हणाल्या. असेन. आतून काही हलतच नव्हतं, तर डोळ्यांत आणू कुठून? मी लॅपटॉप उघडून मॉडेल शिकवत बसले.

मॉडेल म्हणजे न्यूरल नेटवर्क. घरच्या सोयाबीनच्या मूठभर दाण्यांचा मोबाइलवर फोटो काढायचा; शेकडा किती उगवतील याचा अंदाज ते सांगतं, आणि त्या अंदाजाची खात्री किती तेही. त्याला शिकवायचे सगळे नमुने आईनं केले होते. ती गावभरच्या पोत्यांतलं बी आणायची, शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायची, फोटो काढायची, गोणपाट गुंडाळायची आणि कोंब आले की मोजून मला आकडा द्यायची. फोटो आणि आकडा यांची सांगड घालत नेटवर्क शिकलं. बऱ्याच फोटोंत कोपऱ्याला आईचा अंगठा आहे.

यंदा पहिल्यांदाच गावानं ते वापरायला घेतलं. वैशाखात शेजारचा रविकांत गोणपाटाची गुंडाळी घेऊन अंगणात आला.

"वैष्णवी, तुह्या मोबाइलनं मले पंच्याऐंशी सांगतलं. मी घरी मांडून पायलं. हे पाय, साठ बी नाही उगवले."

मी मोजले. सत्तावन्न. आणखी काही घरी मांडून पाहिलं, तीच गत. नेटवर्क सगळ्यांनाच ऐंशीच्या वर सांगत होतं, तेही छातीठोकपणे. त्या भरवशावर नेहमीच्या मापानं पेरलं असतं तर अर्ध्या गावाचं रान विरळ उगवलं असतं.

"मिरगाच्या आत दुरुस्त कर," रविकांत म्हणाला. "नाही त मी सगळ्यायले सांगतो, हे लेकराचं खेळनं हाय."

एरवी मी त्याला सोडला नसता. तेव्हा नुसतं बरं म्हटलं.

कोडमध्ये चूक सापडेना. शेवटी बाबांना म्हटलं, आई मांडायची तसे दाणे मांडून दाखवा. बाबांनी पोत्यातली मूठ ताटात ओतली आणि मांडायच्या आधी एक फुटका दाणा बोटानं बाजूला सारला. मग एक सुरकुतलेला. मग एक डागाळलेला.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी?"

"निवडून राह्यलो. तुही माय असंच करे."

"दर वेळी?"

"मंग! खराब दाना दिसला का तिचा हात आपोआप जाये. दुसऱ्याचं बी असलं तरी."

म्हणजे माझ्या नेटवर्कनं खराब दाणा कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या लेखी जगातलं सगळं बी निवडलेलं. समोर काहीही ठेवा, ते माहीत असलेलाच आकडा सांगणार, आणि बेधडक सांगणार. जन्मभर डाळ-तांदूळ निवडलेल्या बाईला मी नमुने घ्यायला बसवलं होतं. हसू यायला हवं होतं. तेही आलं नाही.

आईचे सगळे नमुने मी शिकवणीतून काढून टाकले. एक बटण दाबलं, झालं. मग घरोघरी सांगून आले, मुठीत येईल ते मांडा, काही निवडू नका. नवे फोटो आले, नवे आकडे आले, नेटवर्क पुन्हा शिकलं. रविकांतच्या पोत्याला त्यानं साठच्या आसपास सांगितलं, तेही जरा चाचरतच.

"आता खरं बोलून राह्यलं," तो म्हणाला आणि जास्तीच्या बियाण्याची सोय करायला रिसोडच्या बाजारात गेला.

आमचं पोतं राहिलं होतं. बाबांनी गोणपाट भिजवून आणलं. मी मूठ घेतली आणि ओळ मांडू लागले. मध्येच पाहिलं तर एक फुटका दाणा ओळीबाहेर पडला होता. तो मीच सारला होता. माझंच बोट अजून त्याच्यावर होतं.

बाबा बघत होते.

तो दाणा उचलून मला परत ओळीत ठेवायचा होता. न निवडता मांडायचे, हा माझाच नियम. मी तो ठेवला, आणि मला रडू फुटलं. आई गेल्यापासूनचं सगळं आलं, नाकातोंडातून, गावाला ऐकू जाईल असं. बाबांनी माझ्यासमोरचं गोणपाट आपल्याकडे ओढलं आणि उरलेले दाणे मांडायला घेतले, चांगले-वाईट, हाताला येतील तसे.