निर्धूर चुलीच्या घरातला धूर

त्या दिवशी दुपारी माझ्या निखाऱ्यांवर पाणी पडलं, आणि मला कळलं की आमच्या घरातलं माणूस गेलं.

सकाळी अनंता आपल्या बायकोला, पारूला, रिक्षात घालून पनवेलला दवाखान्यात घेऊन गेला होता. जाताना पारूनं दोन लाकडं माझ्या तोंडाशी सारून ठेवली होती. आल्याआल्या भात टाकायचा, असं तिच्या मनात होतं. दुपारी भीमाबाई आली. ती पारूची मोठी जाऊ, शेजारच्याच घरात राहते. ती आत येऊन नुसती उभी राहिली. मग वाकून तिनं ती दोन लाकडं काढून घेतली आणि सकाळच्या चहाच्या निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. ज्या घरात मरण होतं तिथली चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणून देतात, हे मला ठाऊक आहे. पण पारू? तिला खोकला होता. खोकल्यानं का कोणी मरतं?

मित्रांनो, मी चूल आहे. साधी नाही, निर्धूर चूल. जिचा धूर घरात राहत नाही ती निर्धूर. ही ओळख आता कोणत्या तोंडानं सांगू मला समजत नाही, कारण पारू धुरानं गेली.

माझा जन्म सत्त्याऐंशी सालचा. आमचं गाव तळोज्याच्या कारखान्यांच्या अलीकडे आहे. त्या वर्षी गावात सरकारी योजना आली. चारुदत्त नावाचा सुपरवायझर लोखंडी साचा घेऊन आला. शेतातली चिकणमाती, भाताचा तूस आणि शेण कालवून त्यानं मला उभं केलं. मला दोन भांड्यांची तोंडं ठेवली. एका जाळावर पुढं भात शिजावा आणि मागच्या तोंडावर कालवण आपोआप रटरटावं, अशी सोय. मागून सिमेंटचा पाइप निघाला, तो कौलं फोडून छपराबाहेर गेला आणि त्याच्यावर टोपी बसली.

भीमाबाई बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो पारू, चुलीला सोंड काढलीस ती! आता हिला मोदक दाखवशील काय?"

"दाकवीन," पारू म्हणाली. "तुजी चूल डोले फोडते. माजी तरी नाय फोडणार."

पहिल्या दिवशी तिनं मला पेटवलं आणि पळत अंगणात गेली. छपरावरच्या पाइपातून धूर निघत होता. ती तिथूनच ओरडली, "ओ, प्राजूचे बाबा! बघा, बघा, धूर भाइर आला!" अनंता बघायला गेला. मुलगी प्राजक्ता तेव्हा लहान होती, तीही गेली. तिघं अंगणात माना वर करून उभी होती आणि आत माझ्यावरचा भात उतू जात होता.

ते दिवस माझ्या मानाचे होते. मला लाकूड निम्मं लागायचं. त्याची किंमत तुम्हाला शहरात कळणार नाही, म्हणून सांगते. पूर्वी पारू एक दिवसाआड डोंगराच्या पायथ्याशी जाऊन मोळी आणायची. अख्खी सकाळ जायची. मी आल्यावर तिच्या सकाळी मोकळ्या झाल्या. त्या वेळात तिनं परसात शिराळी, पडवळ, काकडीचे वेल चढवले आणि भाजी पनवेलच्या बाजारात नेऊन विकायला लागली. अनंतानं स्वयंपाकघराच्या भिंतींना चुना दिला. जीप घेऊन योजना बघायला पाहुणे यायचे. माझा फोटो निघाला. पारू त्या दिवशी मला गेरू लावून बसली होती.

मग पावसाळा लागला आणि दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट, तिरक्या पावसाचं पाणी टोपीखालून पाइपात शिरून आत ठिबकायला लागलं. अनंतानं चारुदत्तकडे निरोप पाठवला. तोवर योजना पुढच्या गावात गेली होती. चारुदत्त माणूस वाईट नव्हता, पण त्याला चुली बांधायचा पगार होता. बांधलेल्या चुलीकडे परत यायचा नव्हता.

दुसरी गोष्ट मोठी होती. माझ्या डोक्यावर आढ्याला बांबूचा माळा टांगलेला आहे. आमच्याकडे सगळ्यांच्या चुलीवर असतो. उन्हाळ्यात मोरा बंदरावरून आणलेले सुके बोंबील, जवळा पावसाळ्यासाठी त्यावर राहतात. पुढच्या वर्षीचं बीही तिथंच. वाळलेली शिराळी अख्खी टांगतात, काकडी-भोपळ्याचं बी फडक्यात गाठ मारून ठेवतात. खालून धूर लागत राहतो, म्हणून कीड लागत नाही. पिढ्यानपिढ्या असंच चाललेलं.

मी धूर बाहेर काढला. श्रावणात बोंबील मऊ पडले आणि त्यांत अळ्या झाल्या. बियांना भुंगे लागले. पुढच्या मृगात पारूनं बी लावलं, तर वेल वर आलेच नाहीत. ती वाफ्याजवळ बसून बोटानं माती उकरून बघत होती. बी पोकळ झालं होतं.

मित्रांनो, त्या घरात धुराला एक काम होतं. धूर घालवला तेव्हा ते काम कोण करणार, हे मला बांधणाऱ्यानं विचारलं नाही. पारूनंही सांगितलं नाही. साहेबांसमोर सुक्या बोंबलाचं काय बोलायचं, असं तिला वाटलं असेल.

माझ्यामागून भीमाबाईच्या घरीही अशीच चूल बसली होती. "आमी तर पाइपच काढला," ती म्हणाली. "कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. तुजं आपलं सोंडेचं कौतुक."

पारूला पाइप काढवेना. तिनं मधला मार्ग काढला. अनंताला म्हणाली, "चार महिने तोंड बांधा त्याचं. पाणी पन गळनार नाय, आनि माळ्याला धूर पन लागंल. दिवालीला सोडू."

अनंता शिडीवर चढला. त्यानं टोपी काढून गोणपाटाची गुंडाळी पाइपात कोंबली, वर कौल ठेवलं आणि तारेनं आवळलं. काम चोख झालं. त्या पावसाळ्यात एक थेंब गळला नाही, बोंबील कडक राहिले, बी निरोगी राहिलं. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मला निम्मं लाकूड लागायचं ते आता पुन्हा पुरेनासं झालं, कारण धुराला वाट नसली की जाळ नीट ओढत नाही. पण हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या वर्षी दिवाळीला गोणपाट निघालं. दुसऱ्या वर्षी ते निघायला संक्रांत झाली. तिसऱ्या वर्षी अनंताला तळोज्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे काम लागलं, पाळ्या सुरू झाल्या, आणि शिडी भीमाबाईच्या घरी गेली ती तिकडेच राहिली. गोणपाट आत राहिलं. ते आजही आहे.

त्याच सुमारास डोंगरावरचं लाकूड सरलं. खडीच्या खाणी लागल्या, झाडं गेली, आणि जी उरली त्यांच्यापर्यंत जायला दुपार व्हायची. रॉकेल रेशनवर मिळायचं, ते दिव्याला आणि आंघोळीच्या पाण्याला. गॅससाठी अनंतानं पनवेलला नाव घातलं होतं. नंबर येईल तेव्हा येईल. मग तो कंपनीतून खोक्यांची फळकुटं आणायला लागला. यंत्रांची मोठी लाकडी खोकी यायची, ती फोडून फेकून देत. फळकुटांवर रंग असे, कशाकशाचे डाग असत.

"फुकट हाय," अनंता खांद्यावरचा भारा टाकत म्हणायचा. "तुला डोंगरावर जायला नको."

"लई गुनाचे हाव तुमी," पारू हसून म्हणायची.

त्याला खरंच तिचे पाय वाचवायचे होते. फळकुटं भराभर पेटायची. त्यांचा धूर काळा आणि आंबट असायचा. तो पाइपापर्यंत जायचा, गोणपाटाला थडकायचा आणि माझ्या दोन्ही तोंडांतून परत यायचा. माझ्यासमोर पारू बसलेली असायची.

चुन्याच्या भिंती पुन्हा काळ्या झाल्या. पारू खोकायला लागली. आधी थंडीत, मग बारा महिने. बाजारात जाताना वाटेत दोनदा बसायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "तलोज्याची हवा लागली." तसं गावात सगळेच म्हणायचे, आणि वारा तिकडून आला की वास यायचाही. त्यामुळे घरातल्या धुराकडे कोणी बघितलंच नाही.

मधे एकदा पाहणीला एक बाई आल्या होत्या. दारातूनच विचारत होत्या.

"निर्धूर चूल आहे ना?"

"हाय."

"वापरता?"

"रोज. दोन टायमाला."

"पाइप आहे?"

"हाय की. त्यो बगा वर."

त्यांनी वर बघितलं, पाइप होता. पारू एक अक्षर खोटं बोलली नाही. धूर कुठून जातो, एवढंच त्यांनी विचारलं नाही. मी तेव्हा पेटलेली होते. बाई डोळे पुसत गेल्या.

शेवटी काय झालं ते मला अनंताच्या तोंडून कळलं. तेरावं झाल्यावर तो माझ्यासमोर पाटावर बसून भीमाबाईला सांगत होता. त्याचा आवाज रडका नव्हता. अजून विश्वास बसत नाही अशा माणसाचा होता.

"डॉक्टरनी फोटो काढला छातीचा. उजेडात धरला नि मला विचारतो, किती विड्या ओढते बाई?"

"या बया!" भीमाबाई म्हणाली.

"मी म्हटलं, ओ डॉक्टर, तंबाखूला शिवली नाय ती कदी. तो म्हणाला, मग घरात चुलीचा धूर असेल. नि मी काय सांगितलं ठाऊक हाय? मी म्हटलं, छे, आमच्याकडं सरकारी चूल हाय. बिनधुराची. मी छाती फुगवून सांगितलं, वैनी."

अनंता पुढं सांगत राहिला.

"तो म्हणाला, मग कलत नाय. भाइरच्या बाकड्यावर बसवली होती तिला. मी आत बोलतोय, नि भाइर ती बसल्या जागी..."

तो पाटावरून उठला आणि दारात जाऊन बसला.

त्या संध्याकाळी मला पुन्हा पेटवलं. प्राजक्तानं. ती आता दहावीला आहे. तिनं फळकुटं रचली, काडी लावली आणि फुंकणी घेऊन माझ्यासमोर बसली, बरोबर त्याच जागेवर. काळा धूर वर गेला आणि परत खाली आला. प्राजक्ता खोकली. मग पुन्हा खोकली, लांब आणि कोरडं, अगदी तसंच.

अनंता दारात बसला होता. त्यानं चटकन मागं वळून बघितलं. मला वाटतं त्याला क्षणभर पारूच वाटली. मग त्यानं प्राजक्ताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाइपावरून त्याची नजर छपरापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"गोणपाट," तो म्हणाला. "प्राजू, ते गोणपाट."

दुसऱ्या दिवशी त्यानं भीमाबाईकडून शिडी आणली आणि बाहेरून भिंतीला लावली. पाय पहिल्या पायरीवर ठेवला, आणि परत आत आला. त्याला माळ्याची आठवण झाली. धूर बाहेर गेला तर वरचं बी जाईल. यंदाचं बी पारूनं स्वतः बांधून ठेवलं होतं. पांढऱ्या, निळ्या फडक्यांच्या गाठी रांगेनं टांगलेल्या आहेत.

"बाबा, बी आपण डब्यात भरू," प्राजक्ता म्हणाली. "राखेत घोळवून. बाईंनी सांगितलंय शाळेत, टिकतं तसं."

"भर ना," भीमाबाई म्हणाली. "अनंता, उतरव त्या गाठी. पोर खोकतेय."

अनंतानं हात वर केला, एका गाठीला लावला. पारू गाठ दोनदा मारून टोक आत खोचायची. ती त्याला सुटेना. सुटेना की सोडवेना, ते मला सांगता येणार नाही.

"उद्या," तो म्हणाला.

मित्रांनो, मला धूर बाहेर टाकायला बनवलं होतं, आणि मी तेच करायला अजून तयार आहे. माझ्यात मोडलेलं काही नाही. तुमच्या घरी किंवा तुमच्या गावी माझ्यासारखी चूल असेल, तर ती पेटली की एकदा अंगणात जा आणि छपराकडे बघा. पाइप आहे का हे बघू नका. पाइपातून धूर निघतो का, ते बघा. निघत नसेल तर मोठ्या माणसांना हाक मारा, आणि ते शिडी चढेपर्यंत हलू नका. चुलीची निगा एवढ्यासाठी करायची, की तिच्यासमोर रोज कोणीतरी बसतं.

आता फाल्गुन लागला आहे. शिडी भिंतीला लावलेली आहे. प्राजक्ता दोन वेळा माझ्यासमोर बसते आणि परीक्षेचं पुस्तक मांडीवर ठेवून खोकते. माळ्यावरच्या गाठी सोडायच्या राहिल्या आहेत. पाइपातलं गोणपाट काढायचं राहिलं आहे.