विमलाबाईंचा खिरीचा शेर

मित्रांनो, मी एक जुना पितळी शेर आहे. दचकू नका, जंगलातला नव्हे, धान्य मोजायचा! नांदेडच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. माझं पोट फुगीर आहे, पण त्यात लबाडी नाही. लिटरभर पाणी बरोबर मावतं.

विमलाबाई लग्न होऊन हैदराबादला आल्या, तेव्हा मीही त्यांच्यासोबत विद्यानगरात आलो. ज्वारी, तांदूळ, डाळ, सगळं माझ्याच पोटातून डब्यात जायचं. दर वैशाख पौर्णिमेला त्या विहारात शेवयांची खीर न्यायच्या. बारा शेर दूध, तीन शेर शेवया, दोन शेर साखर. लोक बोटं चाटायचे आणि मी उगाच फुशारायचो. पुढे पुड्यांतलं सामान आलं, ओट्यावर वजनकाटा आला आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे राहू लागले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

यंदा विमलाबाईंचे हात थरथरू लागले, म्हणून खीर सुनेने, रूपालीने करायची ठरली.

"आत्या, एक शेर म्हणजे किती किलो?" तिने विचारलं.

विमलाबाईंनी मला घासलं, पाण्याने भरलं आणि काट्यावर ठेवलं. माझं वजन वजा जाता एक किलो भरलं. "बघ, शेर म्हणजे किलोच की!" सासू-सुना खूश. लगेच मलकपेठेच्या दुकानातून तीन किलो शेवया मागवल्या. मी मनात म्हटलं, झाली का पंचाईत!

पौर्णिमेच्या सकाळी दूध उकळायला लागलं. रूपालीने शेवया परातीत ओतल्या, तर डोंगर झाला. विमलाबाईंचा चेहरा उतरला. एवढ्या शेवया टाकल्या तर खिरीचा गोळा होणार, आणि विहारात सगळे त्यांच्याच खिरीची वाट बघणार.

"मला आता काही आठवतच नाही गं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"थांबा आत्या, कैकू रडता?" रूपालीने मला ओढलं, शेवयांनी भरलं आणि काट्यावर ठेवलं. माझं वजन वजा जाता शेवया चारशे ग्रॅमसुद्धा भरेनात! ती हसली. "तुमचं बरोबरच हाय. शेवयांच्या मधे नुसती हवा, म्हणून त्या हलक्या. आपण पाण्याचं वजन शेवयांना लावलं, चुकी तिथं झाली."

मग माझ्याच पोटाने तीन शेर शेवया दुधात पडल्या. काट्याबद्दल माझ्या मनात अढी होती, ती त्या सकाळी गेली. जागा मी सांगतो, वजन तो सांगतो. भांडायचं कशाला?

खीर वाढायला मीही विहारात गेलो. शेजारच्या सुलभाताईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "विमलाबाई, तीच चव!"

विमलाबाईंनी रूपालीला हाताला धरून पुढे केलं. "माझी नाही, हिच्या हातची आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला इतका आनंद आजवर झाला नव्हता.

मित्रांनो, घरातली जुनी मापं मोडीत काढू नका. आणि शेराचे किलो कुणी विचारले, तर उत्तर देण्याआधी एवढंच विचारा: कशाचा शेर?