टिकलीनं पाहिलेला रस्ता

प्रफुलनं मांजर पोत्यात कोंबलं आणि पोत्याचं तोंड सुतळीनं आवळून बांधलं. आतून टिकलीनं असा कल्ला सुरू केला की शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली.

"इतकं गच्च काऊन बांधून राह्यला? मरून जाईन ते," चंदा म्हणाली.

"रस्ता पाह्यला तं वापस येते. मांजर घराले धरून रायते बाई, मानसाले नाई."

"इतक्या दुरून?"

"मांजराचा काई भरोसा नाई."

पोतं मांडीवर घेऊन चंदा पिकअपमध्ये पुढं बसली. मागं तिची पेटी, गादी आणि प्रफुलनं हट्टानं चढवलेला कूलर होता. दिवाळी होऊन थंडी सुरू झालेली. कूलरचं ती काय करणार होती देव जाणे. पण भावाला काहीतरी मोठं द्यायचं होतं आणि घरात मोठं तेवढंच होतं. मागच्या दारातली मांजराची जर्मनची वाटी ती उचलायला गेली तेव्हा मात्र तोच म्हणाला होता, "राहू दे ना, तिथी नवी घेजो."

पुनम, त्याची बायको, पोटावर हात ठेवून दारात उभी होती. सातवा महिना चालू होता. तिनं चंदाच्या हातात शिदोरी दिली आणि डोळे पुसले. ते रडणं खरं होतं. त्या घरात खोटं कोणीच नव्हतं. ऊर्जानगरचं क्वार्टर दोन खोल्यांचं आणि बाळंतपणाला पुनमची आई येणार, एवढीच गोष्ट. चंदाला कोणी जा म्हटलं नव्हतं. आलापल्लीच्या पुढं मुलींच्या एका वसतिगृहात अधीक्षिकेची जागा निघाली, राहायला खोली मिळत होती, ती तिनं आपण होऊन धरली. आई गेल्यावर प्रफुलला तिनंच वाढवलं, त्यापायी तिचं लग्न राहून गेलं, हे क्वार्टरांच्या सगळ्या लाईनीला ठाऊक होतं. नोकरीचं तिनं सांगितलं त्या संध्याकाळी प्रफुल "चांगली हाये" म्हणाला होता. जरा लवकरच म्हणाला होता.

गोंडपिपरीपर्यंत त्यानं तोंड बंद केलं नाही. खोलीत नळ आहे का, फोनला रेंज येते का, साप निघतात का. उत्तराची वाट न पाहता पुढचा प्रश्न. चंदा खिडकीतून कापून पडलेलं धान पाहत होती. आष्टीच्या अलीकडं तिनं पोत्याची गाठ सोडली.

"बाई, सोडून काऊन राह्यली?"

"पाहू दे तिले."

"वापस आली तं?"

"रस्ता माहीत असला म्हनजे येतेच असं नाई. माहीत असू दे फक्त."

टिकलीनं डोकं बाहेर काढलं आणि वैनगंगेचा पूल पार होईस्तोवर ती काचेला नाक लावून बसली. पुलानंतर दोन्ही बाजूंनी जंगल दाट होत गेलं.

वसतिगृहातली खोली स्वच्छ होती. मुलींनी दारात सडा घातला होता. कूलर खिडकीत बसेना, म्हणून कोपऱ्यात ठेवावा लागला. दार उघडं दिसलं की मांजर पळणार याची प्रफुलला खात्री होती. तो गळ्यातला दुपट्टा पसरून दारात उभा राहिला. टिकलीनं खोलीत एक चक्कर मारली, पेटी हुंगली आणि गादीवर जाऊन अंग चाटत बसली. प्रफुलला तिचा राग आला.

"पाय, कशी बसली. काईच वाटत नाई तिले."

"वाटते. सांगन कोनाले?"

त्यानं दुपट्ट्याची घडी केली, मोडली, परत केली.

"बाई, मी तुले जा नाई म्हनलं."

"राय बी नाई म्हनलं." चंदाचा आवाज रोजच्यासारखाच होता. "म्हनला असता तरी मी आलीच असती, प्रफुल. पन तुनं म्हनाले पायजे होतं."

त्याला तिथंच बसून रडावंसं वाटलं. व्हरांड्यातून मुली बघत होत्या, म्हणून तो कूलरची वायर गुंडाळत राहिला. चंदानं पुनमचीच शिदोरी सोडून त्याला पोटभर जेवू घातलं आणि अंधार पडायच्या आत नीघ म्हणाली.

परतताना पुलाच्या अलीकडं त्यानं गाडी बाजूला घेतली आणि पुनमला फोन लावला.

"पोचल्या का बाई नीट?"

"हो. मांगच्या दारातली वाटी कुठी हाये?"

"मांजराची? घासून ठेवली आतमंदी. काऊन?"

"तिथीच ठेव परत."

"अवो, पन मांजर तं गेलं ना."

शेजारच्या सीटवर रिकामं पोतं पडलं होतं. सुतळी चंदानं गुंडाळून त्याच्यावर ठेवली होती.

"ठेव," प्रफुल म्हणाला. "रस्ता पाह्यला हाये तिनं."