क्रेनवाल्याची पाठ

क्रेनवाला कामावर जायचा, पण क्रेनवर चढत नव्हता. घरी सांगायचा, पाठ धरलीय. खरं असं, की एका दुपारी सोसाट्याच्या वाऱ्यात वरची केबिन हलली आणि हा तिथंच मुतला. मुतला, असंच लिहिणार. नुसतं 'घाबरला' लिहून कुणाची लाज कमी होत नाही. तेव्हापासून शिडीला हात लावायचा आणि मागे फिरायचा. मुकादम म्हणाला होता, "सोमवारी चढ, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

बायकोनं पाठीसाठी संमोहनवाली डॉक्टर शोधली. तो दारातच अडला. कुठल्याशा जलशात जादूगारानं त्याच्या मेव्हण्याला कोंबड्यासारखं आरवायला लावलं होतं.

"मी आरवलो तर?"

"घरी रोज आरवताच की. चला."

डॉक्टरीणबाईंनी आधी नीट समजावलं: ही झोप नाही, तुम्ही शुद्धीवर असाल, मनाविरुद्ध तोंडातून काही निघणार नाही. त्यानं मान हलवली. विश्वास मेव्हण्यावर ठेवला.

बायको कोपऱ्यात बसली. बाई हळू आवाजात पाठ सैल सोडायला सांगत राहिल्या. अंग जड झालं, पंख्याची घरघर लांब गेली. डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते, आणि बायको मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. बघतही नाही माझ्याकडे! म्हणजे सगळं ओकलो मी.

जिन्यात तो तिच्यावर खेकसला, "ऐकलंस ना? हस आता! एवढा बाप्या, केबिनमध्ये मुतला म्हणून हस!"

ती थांबली. हातात त्याच्यासाठी शोधलेला रुमाल होता.

"अहो, तुम्ही आत चकार शब्द काढला नाहीत."

त्यानं कठडा धरला. कानापर्यंत तापला. जे कुणी काढून घेतलं नव्हतं, ते आपणच भर जिन्यात ओरडून सांगितलं होतं.

"पण मला माहीत होतं," ती म्हणाली. "घरात तुमची पॅन्ट कोण धुतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाठ म्हणालात. मी पाठ चोळली."

रोज रात्री ती तेल लावायची आणि हा मुद्दाम कण्हायचा. त्या कण्हण्याची त्याला मुतण्याहून जास्त लाज वाटली. तो वळून परत वर चढला.

"बाई, पाठ ठणठणीत आहे. खोटं बोललो."

"मग दुखतंय काय?"

बायको बाहेर थांबायला निघाली. त्यानं तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं, आणि डोळे मिटले.

"शिडीपासून सुरू करा. वरपर्यंत न्या. आणि पॅन्ट ओलीच आहे, असं धरून चला."